चित्रांवर दिवे लावताना

"इंजिनिअरिंगला जाऊन काय दिवे लावलेस?" हा प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला असतो. इलेक्ट्रिकलवाल्यांना तर जरा जास्तच! सुट्टीत घरी गेलं की बंद मिक्सर, कुरकुरणारा पंखा आणि शेजाऱ्यांचा इन्व्हर्टर हे सगळं आपली वाट बघत असतं. त्यामुळे या वेळी कविता किंवा 'माझा आवडता ट्रेक' न लिहिता सरळ दिवे लावण्यावरच लिहायचं ठरवलं. घरातल्या चित्रांवर लो-व्होल्टेज स्पॉटलाइट कसे लावायचे, असा आजचा धडा आहे. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे पुढे इंग्रजी शब्द बरेच येतील. मराठीच्या सरांनी सांभाळून घ्यावं.)

आमच्या कोल्हापूरच्या घरी हे काम मागच्या दिवाळीच्या सुट्टीत झालं. माझे आजोबा शाळेत ड्रॉइंग टीचर होते. मी चौथीत असताना ते गेले. त्यांनी काढलेली रंकाळा, पंचगंगेचा घाट, जोतिबाची वाट अशी अकरा जलरंगातली चित्रं घरात आहेत. घराला नवीन वायरिंग करायचं ठरल्यावर आईच्या मनात आलं की या चित्रांवर छान दिवे लावावेत. काम अर्थातच माझ्याकडे आलं. वायरमनकाका म्हणाले, "ताई, पन्नास वॉटचे हॅलोजन लावून टाका, शोरूमसारखं झळकेल बघा!" झळकलं असतं यात शंकाच नाही. पण किती वर्षं?

प्रकाश चित्राला खातो

बैठकीच्या खोलीत खिडकीच्या समोर घाटाचं एक चित्र गेली पंचवीस वर्षं होतं. फ्रेम बदलायला म्हणून ते उघडलं. माउंटच्या पट्टीखाली झाकलेल्या अर्ध्या सेंटिमीटर कडेला एका लुगड्याचा काठ लालभडक होता, आणि उघड्या भागात तेच लुगडं फिकट तपकिरी! आजोबांनी घाटावर लाल लुगड्यातल्या बायका काढल्या होत्या, हे मला त्या दिवशी कळलं. मातीचे रंग, म्हणजे यलो ऑकर, बर्न्ट सिएना वगैरे, जसेच्या तसे होते. रंगपेटीतला क्रिमसन लेक मात्र उडाला होता. हा रंग प्रकाशात टिकत नाही, हे चित्रकारांना खूप आधीपासून माहीत आहे.

या विषयाचा पहिला मोठा शास्त्रीय अभ्यास इंग्लंडमध्ये झाला. रसेल हे रसायनशास्त्रज्ञ आणि अ‍ॅबनी हे लष्करातले इंजिनिअर, या दोघांनी १८८८ साली जलरंगांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो याचा अहवाल दिला. रंग लावलेले कागद त्यांनी काचेच्या नळ्यांत ठेवून प्रकाशात धरले. काही नळ्यांत कोरडी हवा होती, काहींत दमट हवा, तर काहींतली हवा काढून टाकली होती. दमट हवेत सर्वांत जास्त रंग उडाले, आणि हवा काढलेल्या नळीत बहुतेक रंग टिकले. म्हणजे प्रकाश आणि ओल ही जोडगोळी वाईट. आपल्याकडचा पावसाळा आठवा, म्हणजे मुद्दा लक्षात येईल.

उडालेला रंग परत येत नाही. आणि हे नुकसान साठत जातं. साधारणपणे त्याचा हिशोब असा करतात :

डोस = लक्स × तास

५० लक्स प्रकाशात १० तास आणि ५०० लक्स प्रकाशात १ तास, दोन्हींचा डोस ५०० लक्स-तास. चित्राला विश्रांती दिली म्हणून आधीचं नुकसान भरून निघत नाही. ही बँकेतली एफडी समजा, आणि त्यात नवीन पैसे कधीच भरता येत नाहीत. आपण फक्त काढत राहतो. म्हणून संग्रहालयांत जलरंग, जुनी छापील चित्रं, कापड यांच्यावर साधारण ५० लक्स आणि तैलचित्रांवर साधारण २०० लक्स प्रकाश ठेवण्याची पद्धत आहे. तुलनेसाठी सांगते, भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास असतं!

आपल्याकडे बऱ्याच घरांत राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली लक्ष्मी-सरस्वतीची जुनी चित्रं असतात. तीही कागदावरची, म्हणजे ५० लक्सवालीच. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं हातात दिवा घेतलेल्या बाईचं चित्र पुष्कळांना रविवर्म्याचं तैलचित्र वाटतं, पण ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांनी काढलेलं जलरंगातलं चित्र आहे. तेव्हा दिवा विकत घेण्याआधी चित्र कशावर आणि कशाने काढलंय, हे बघणं ही पहिली पायरी.

आधी जागा, मग दिवा

आमच्या लॅबमधला लक्समीटर सरांच्या परवानगीने सुट्टीत घरी नेला होता. (मोबाइलवर लक्स मोजायचं अ‍ॅप मिळतं. अंदाजाला ठीक आहे, पण दोन मोबाइलचे आकडे सहसा जुळत नाहीत.) बैठकीतल्या त्या भिंतीवर दिवसा पडदे उघडे असताना सरासरी ३०० लक्स मिळाले. आठ तासांचे झाले २४०० लक्स-तास, तेही एकही दिवा न लावता! संध्याकाळी पाच तास १५० लक्सचा स्पॉटलाइट लावला असता तर त्याचे ७५० झाले असते. म्हणजे खरा गुन्हेगार खिडकी आहे, दिवा तिचा असिस्टंट.

म्हणून आधी चित्रंच हलवली. बैठकीतून आतल्या खोल्यांकडे जाणारा एक पॅसेज आहे, त्याला खिडकी नाही. तिथे दिवसा मिळाले फक्त १२ लक्स. भिंत आतली आहे, पावसाळ्यात ओल येत नाही. तरी फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवले, म्हणजे मागून हवा खेळती राहते.

१२ व्होल्टच का?

'पॉवर = व्होल्टेज × करंट' हे आपण फर्स्ट इयरला पाठ करतो. आता वापरून बघू.

हॅलोजनच्या काळात १२ व्होल्टचं कारण फिलामेंट हे होतं. ५० वॉटच्या दिव्याचा रेझिस्टन्स २३० व्होल्टला सुमारे १०५८ ओहम लागतो आणि १२ व्होल्टला फक्त २.९ ओहम. म्हणजे फिलामेंट जाड आणि आखूड चालते. आखूड फिलामेंट म्हणजे जवळजवळ बिंदूसारखा प्रकाशस्रोत, आणि तसा स्रोत असला की रिफ्लेक्टर हवा तसा झोत पाडू शकतो. आता एलईडी आले. पांढऱ्या एलईडीला मुळातच साधारण ३ व्होल्ट लागतात, त्यामुळे तीन एका ओळीत जोडले की १२ व्होल्टमध्ये आरामात बसतात. शिवाय १२ व्होल्टला शॉक बसण्याची भीती जवळजवळ नाही.

पण व्होल्टेज कमी म्हणजे धोका कमी, असं समजू नका! तीन हॅलोजनचे १५० वॉट होतात. २३० व्होल्टला करंट ०.६५ अ‍ॅम्पिअर, पण १२ व्होल्टला १२.५ अ‍ॅम्पिअर, म्हणजे जवळजवळ तीन किलोवॉटच्या गिझरइतका! समजा, एका सैल जॉइंटचा रेझिस्टन्स ०.१ ओहम आहे. करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स केलं की १५.६ वॉट उष्णता निघते. कनेक्टरच्या आत छोटं सोल्डरिंग आयर्न कायम चालू ठेवल्यासारखंच हे. खोट्या छतात आग लागायला तेवढं पुरेसं आहे.

तेच ५ वॉटचे तीन एलईडी घेतले तर एकूण १५ वॉट आणि करंट १.२५ अ‍ॅम्पिअर. त्याच सैल जॉइंटमध्ये उष्णता फक्त ०.१६ वॉट. करंट दहापट कमी, म्हणून उष्णता शंभरपट कमी. (जॉइंट तरी घट्टच करायचा!)

आता व्होल्टेज ड्रॉप. ड्रायव्हरपासून दिव्यापर्यंत ६ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १२ मीटर वायर. तांब्याच्या १ चौरस मिलिमीटर वायरचा रेझिस्टन्स दर मीटरला साधारण ०.०१७२ ओहम. १२ मीटरचे झाले ०.२०६ ओहम. एलईडीच्या १.२५ अ‍ॅम्पिअरला ड्रॉप ०.२६ व्होल्ट, जेमतेम दोन टक्के. हॅलोजनच्या १२.५ अ‍ॅम्पिअरला तो २.५८ व्होल्ट झाला असता, म्हणजे दिव्याला साडेनऊ व्होल्टसुद्धा मिळाले नसते. हॅलोजनचं व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी झालं तरी प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. व्हायवाला हा प्रश्न आला तर आता उत्तर तयार आहे.

दिवा भिंतीपासून किती लांब?

चित्राच्या मध्यावर येणारा किरण भिंतीशी ३० अंशांचा कोन करेल असा दिवा लावावा, हा रूढ नियम आहे. सूत्र सोपं आहे :

भिंतीपासून अंतर = (छताची उंची − चित्राच्या मध्याची उंची) × ०.५८

आमचं छत नऊ फूट, म्हणजे सुमारे २.७५ मीटर. चित्राचा मध्य डोळ्यांच्या उंचीला, १.५ मीटरवर. फरक १.२५ मीटर, त्याला ०.५८ ने गुणून अंतर आलं ७२ सेंटिमीटर.

३० अंशच का? दिवा भिंतीच्या फार जवळ घेतला तर फ्रेमच्या वरच्या पट्टीची लांब सावली चित्रावर पडते आणि कागदाची प्रत्येक सुरकुती उठून दिसते. फार लांब नेला तर बघणाऱ्याच्या डोक्याची सावली पडते आणि काचेत दिवा चमकतो. ३० अंशांना २ सेंटिमीटर जाडीच्या पट्टीची सावली साडेतीन सेंटिमीटर पडते. माउंट ५ सेंटिमीटर रुंद असेल तर ती माउंटवरच विरते. काचेतल्या चमकेचा हिशोबही 'आपाती कोन = परावर्तित कोन' या शाळेतल्या नियमाने करता येतो. आमची चित्रं माउंट-फ्रेम धरून ६० सेंटिमीटर उंच आहेत. अगदी वीतभर अंतरावर नाक नेल्याशिवाय काचेत दिवा दिसणार नाही, असं उत्तर आलं. लावून बघितलं, खरंच दिसत नाही!

झोत किती रुंद हवा? दिवा ते चित्राचा मध्य हे अंतर पायथागोरसने १.४४ मीटर. २४ अंशांच्या झोताची रुंदी तिथे सुमारे ६१ सेंटिमीटर होते, ३६ अंशांची ९४. आमची चित्रं ४५ सेंटिमीटर रुंद, म्हणून झोत २४ अंशांचा घेतला. खोक्यावर हा कोन छापलेला असतो. त्याशिवाय रंग नीट दिसण्यासाठी सीआरआय ९० किंवा जास्त आणि रंगाचं तापमान २७०० ते ३००० केल्विन बघून घ्या. स्वस्त पांढराफट दिवा लावला तर रंकाळ्यातली संध्याकाळ ट्यूबलाइटखालच्या मेससारखी दिसेल!

आता सगळ्यात महत्त्वाचा आकडा, प्रकाश किती पडेल? समजा, खोक्यावर झोताची तीव्रता ६०० कॅन्डेला दिली आहे. अंतराच्या वर्गाने, म्हणजे २.०८ ने भागा. किरण तिरका येतो म्हणून कोसाइन ६० अंश, म्हणजे ०.५ ने गुणा. उत्तर सुमारे १४४ लक्स. म्हणजे ५ वॉटचा एक चिमुकला दिवासुद्धा जलरंगाला तिप्पट जास्त होतो. वायरमनकाकांना हा हिशोब दाखवला तेव्हा ते म्हणाले, "मग लावायचाच कशाला?" तैलचित्र असतं तर मी तसाच लावला असता. इथे डिमर लागणार होता.

आणि आजी?

डिमरने प्रकाश ५० लक्सवर आणला. मला सगळं छान दिसत होतं. पॅसेजमधला बाकीचा दिवा बंद ठेवला की ५० लक्ससुद्धा पुरतात, कारण डोळा तुलना करून बघतो. मी आजीला बोलावलं. ती रंकाळ्याच्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "अगं, होडी कुठाय? यात ह्यांनी होडी काढलेली होती."

होडी होती. तिला दिसत नव्हती. आजी ७९ वर्षांची आहे. वयानुसार बाहुली लहान होते, डोळ्यातलं भिंग पिवळट होतं. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या मानाने साधारण एक-तृतीयांशच प्रकाश पोचतो, आजी तर त्याच्याही पुढे. म्हणजे ५० लक्सचा नियम चित्राच्या बाजूने बरोबर, पण ज्या माणसाला ती चित्रं सगळ्यात जास्त बघायची आहेत त्याच्याच बाजूने चुकीचा. प्रकाश वाढवला तर चित्र जातं, कमी ठेवला तर आजीचं बघणं जातं. पुस्तकात याचं उत्तर एका ओळीत मिळत नाही.

उत्तर मिळालं ते वरच्याच सूत्रात. लक्स वाढवायचे असतील तर तास कमी करा! दिवे कायम चालू ठेवायचेच नाहीत. मेन स्विचऐवजी सोसायटीच्या जिन्यात असतो तसा टायमर लावला. बटण दाबलं की दिवे लागतात आणि वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात. डिमरच्या नॉबवर मार्करने दोन खुणा केल्या. एक 'पाहुणे', म्हणजे ५० लक्स, आणि एक 'आजी', म्हणजे पूर्ण १५०.

हिशोब बघा. आजी दिवसातून दोनदा बटण दाबते. ४० मिनिटं × १५० लक्स = १०० लक्स-तास. पाहुण्यांसाठी अर्धा तास ५० लक्सने २५. पॅसेजमधला दिवसाचा उजेड १२ लक्स × १० तास = १२०. एकूण २४५ रोज. बैठकीत दिवे लावून ठेवले असते तर २४०० अधिक ७५० म्हणजे ३१५० रोज! जवळजवळ १३ पट. दुसऱ्या शब्दांत, तिथे एका वर्षात जेवढा डोस झाला असता तेवढा इथे व्हायला सुमारे १३ वर्षं लागतील. शिवाय एका वेळी तीनच चित्रं लावायची, बाकीची आठ कपाटात अंधारात, आणि दर चार महिन्यांनी अदलाबदल असं ठरलं. आजीने पहिली तीन स्वतः निवडली, आणि कपाटातली कोणती कधी येणार याची यादी फ्रिजवर लावून ठेवली.

प्रत्यक्ष काम करताना

१. ड्रायव्हर १२ व्होल्टचा, दिव्यांच्या एकूण वॉटपेक्षा थोडा मोठा घ्या. आमच्या १५ वॉटला २४ वॉटचा घेतला. तो खोट्या छतात गाडून टाकू नका, हात पोचेल आणि हवा लागेल अशा जागी ठेवा.

२. जुन्या हॅलोजनचा इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर तसाच ठेवून त्यावर एलईडी लावू नका. त्याला ठराविक किमान लोड लागतो, एलईडी तेवढा घेत नाही आणि दिवा फडफडतो.

३. दिवा आणि ड्रायव्हर डिसीचा आहे की एसीचा हे आधी जुळवा. दिव्यावर 'डिमेबल' लिहिलेलं नसेल तर डिमर जोडू नका. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघताना हलणारे पट्टे दिसले तर डिमर हलक्या दर्जाचा आहे.

४. स्लॅबचं छत असेल तर खोदाई नको. रॉल प्लग मारून पट्टीवर दिवे लावा आणि वायर केसिंग-कॅपिंगमधून न्या.

५. भोक पाडायच्या आधी टॉर्चने रिहर्सल करा. एकाने स्टुलावर चढून ठरलेल्या जागी टॉर्च धरायचा, दुसऱ्याने चित्रासमोर उभं राहून सावली आणि चमक बघायची. आमचं एक भोक यामुळे दहा सेंटिमीटर सरकलं, कारण पॅसेजच्या दाराची चौकट मध्ये येत होती.

६. २३० व्होल्टचं जोडकाम लायसन्सवाल्या वायरमनकडूनच करून घ्या. मेन बंद करा, टेस्टरने खात्री करा, मगच हात लावा. आपली डिग्री अजून व्हायची आहे!

विजेचा खर्च विचाराल तर १५ वॉट रोज सव्वा तास धरले तरी महिन्याला एक युनिटसुद्धा होत नाही.

कोणाला हे सगळं थिअरी वाटत असेल तर हॉस्टेलवर करण्यासारखा एक प्रयोग सांगते. पतंगाच्या रंगीत कागदाचा तुकडा घ्या, अर्धा भाग अ‍ॅल्युमिनिअम फॉइलने झाकून ऊन येणाऱ्या खिडकीत लावा आणि सबमिशन संपलं की फॉइल काढा. आमच्या रूमवरच्या गुलाबी कागदाची अर्धी बाजू पंधरा दिवसांत ओळखू येईनाशी झाली. घरी चित्राशेजारी अशीच पट्टी कायम लावून ठेवली तर आपला दिवा जास्त होतोय का, हे चित्राच्या आधी ती सांगते. आमच्या पॅसेजमध्ये ती दिवाळीपासून लावलेली आहे. मागच्या सुट्टीत फॉइल उचलून बघितलं, दोन्ही बाजू सारख्याच आहेत.

तुमच्या घरी असं एखादं चित्र, जुना फोटो किंवा आजीची पैठणी फ्रेममध्ये असेल, तर या सुट्टीत ते कुठल्या भिंतीवर आहे आणि त्याच्यासमोर खिडकी आहे का, एवढं नक्की बघून या. छताची उंची, चित्राचं माप आणि पॅसेजची रुंदी लिहून आणलीत तर हिशोब आपण लॅबमध्ये बसून करू. लक्समीटरसाठी मात्र सरांची सही लागते.